करवंदांच्या टेकडीवरची शिदोरी

गेल्या आठवड्यात मुलीचा खराडीहून फोन आला. नातवाचा समर कॅम्प सुरू व्हायचा होता आणि कॅम्पवाल्यांनी पालकांना एक यादी पाठवली होती, उन्हात बाहेर जाताना मुलांना खायला काय द्यावं आणि काय देऊ नये याची. मुलीने ती मला पुढे पाठवली आणि म्हणाली, आई, तू दोन दिवस ये ना, तुला हे सगळं जमतं. यादीत भाजलेले चणे होते, काकडी होती, राजगिऱ्याच्या वड्या होत्या, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी होतं. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, की दुधाचे, ओल्या नारळाचे आणि आदल्या दिवशीचे पदार्थ कृपया देऊ नयेत. येते म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. पण ती लाल ओळ दिवसभर माझ्या डोळ्यांपुढून हलेना. ही यादी मला पंधराव्या वर्षी तोंडपाठ होती. ज्या बाईने ती पाठ करून घेतली तिच्याबद्दल मी आजवर एक वेळ सोडली तर कधी धड बोलले नाही, लिहिण्याची गोष्ट तर लांबच. आता लिहिते.

आम्ही तेव्हा वारज्याला राहायचो. आज तिथे बारा-बारा मजली इमारती आहेत आणि रस्ता ओलांडायला मला कुणाचा तरी हात धरावा लागतो. आमच्या वेळी तिथे आठ बैठ्या घरांची एक रांग होती, पुढे एकच नळ, मागे कुणाचं तरी ज्वारीचं शेत, आणि शेताच्या पलीकडे ओळीने खुरट्या झाडांच्या टेकड्या. बाबा अकोल्याचे. कारखान्यातल्या नोकरीसाठी पुण्याला आले आणि इथलेच झाले. घर दोन खोल्यांचं, वर पत्रे. एप्रिलच्या शेवटी शेवटी दुपारी बारा वाजले की पत्रे तापून कडाकड वाजायला लागत, जणू वर कुणीतरी चालतंय. पाहुणे दचकून वर बघत. आम्हाला त्याची इतकी सवय होती की तो आवाज थांबला की संध्याकाळ झाली असं आम्ही समजायचो.

विमलआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत तिचा नवरा वारला, मूलबाळ नव्हतं. मी दुसरीत असताना ती आमच्याकडे राहायला आली आणि जवळच्या बालवाडीत मुलं सांभाळायला लागली. आई मूळची अमरावतीकडची, पण पुण्यात आल्यावर दोन वर्षांत तिने इथली भाषा अशी उचलली की शेजारणींना ती सदाशिव पेठेतलीच वाटायची. आत्याने तसला काही प्रयत्न केला नाही. ती शेवटपर्यंत मले आणि तुलेच म्हणत राहिली. उंच, काटक, पायांत बाबांचे जुने कॅनव्हासचे बूट आणि डोक्यावर ओला पंचा, अशी ती मे महिन्यात रस्त्याने निघाली की लोक वळून बघत. पुण्याच्या उन्हाला ती हसायची. शेजारी कुणी उकाड्याची तक्रार केली की म्हणायची, "अकोल्याले ये एखांद्या वैशाखात, मंग सांगजो." पण हसायची फक्त तोंडाने. मनातून इथल्या उन्हावर तिचा अजिबात विश्वास नव्हता. तिचं म्हणणं असं, की अकोल्याचं ऊन समोरून येतं, माणूस सावध राहतो; इथे वारा असतो, त्यामुळे अंगातलं पाणी कधी गेलं ते कळतसुद्धा नाही.

बालवाडीला सुट्टी लागली की आत्याचा मे महिना सुरू व्हायचा. आमच्या रांगेतली आणि मागच्या गल्लीतली मिळून दहा-बारा मुलं, सहा वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतची, ती आठवड्यातून दोनदा टेकडीवर न्यायची. आई-बाप कामाला गेलेले, मुलं घरात पत्र्याखाली भाजत पडायची, त्यापेक्षा सकाळच्या उन्हात करवंदं तोडलेली बरी, असा तिचा हिशेब. उजाडायच्या आत निघायचं आणि ऊन डोक्यावर येण्याआधी परत. टेकडीवर एका देवीचं छोटं देऊळ होतं, त्याच्या ओसरीवर बसून सगळ्यांनी खायचं. तिथून खाली नदी दिसायची आणि तिच्या कडेला वारजं हिरव्या पट्ट्यासारखं पसरलेलं. आत्या देवळातल्या देवीला करवंदांचा पहिला द्रोण ठेवायची आणि मग मुलांकडे वळायची.

या शिदोरीची तयारी आदल्या दिवसापासून चाले. ज्वारी भिजवून, सुकवून तापलेल्या कढईत तिच्या लाह्या फोडायच्या. त्यांचा तडतडाट आणि भाजल्याचा गोडसर वास रांगेच्या शेवटच्या घरापर्यंत जायचा. त्या लाह्या जात्यावर दळून, थोडं जिरं आणि मीठ घालून पीठ करायचं. टेकडीवर ते ताकात कालवून खायचं. कैऱ्या उकडून त्यांचा गर गुळात आणि मिठात कालवून चिनी मातीच्या बरणीत भरायचा, तोंडाला फडकं बांधायचं. पाण्यासाठी दोन कॅनव्हासच्या छागली होत्या. त्यांच्यातून पाणी पाझरायचं, कापड ओलं राहायचं आणि वाऱ्याने आतलं पाणी माठातल्यासारखं गार व्हायचं. शिवाय प्रत्येक मुलासाठी एक पुरचुंडी, तीत फुटाणे, शेंगदाणे, गुळाचा खडा आणि एक राजगिऱ्याची वडी. काकड्या आणि कांदे सबंध न्यायचे, चिरायचे वरती गेल्यावर. तळलेलं काही नाही, ताक सोडलं तर दुधाचं काही नाही, ओलं खोबरं तर मुळीच नाही आणि गुळामिठातल्या त्या कैरीखेरीज आदल्या दिवशी शिजवलेलं काही नाही. टेकडीवर पोचलं की आधी पन्हं प्यायचं, मग थोडा वेळ गप्प बसायचं आणि मगच खायचं. कुणाला शेंगदाण्याने अंगावर पित्त उठतं, कुणाला गूळ खाल्ला की खोकला येतो, हे तिला बाराही मुलांचं पाठ होतं. मी दहा वर्षांची असल्यापासून तिच्या हाताखाली पुरचुंड्या बांधायला बसत असे. गाठ सैल झाली की ती काही न बोलता सोडून परत माझ्यापुढे ठेवायची.

मला ते सगळं फार आवडायचं. हे लिहून ठेवायला हवं, कारण पुढे मी जे केलं त्यावरून कुणाला वाटेल की मला त्या शिदोरीचा तिटकारा होता.

आठवीपासून मी शहरातल्या शाळेत जायला लागले आणि तिथे माझी वैशालीशी मैत्री झाली. तिचे वडील प्राध्यापक, घर कोथरूडला, घरात फ्रिज. तिच्या वाढदिवसाला तिच्या आईने सँडविच केली होती. पांढऱ्याशुभ्र पावाच्या कडा कापलेल्या, त्रिकोणी, आत लोणी आणि ओल्या खोबऱ्याची हिरवीगार चटणी. काचेच्या बशीत ती अशी मांडली होती की उचलायला जीव होईना. त्याच्या पुढच्या आठवड्यात माझ्या डब्यात लाह्यांचं पीठ होतं. वैशालीने वाकून बघितलं आणि विचारलं, "हे तुम्ही घरी रोज खाता?" एवढंच विचारलं. मला त्या प्रश्नात हसू ऐकू आलं. मी डबा मिटला आणि दुसऱ्या दिवसापासून आईकडे पोळी-भाजीचा हट्ट धरला. आत्याला त्याचं कारण कुणी सांगितलं नाही आणि तिने विचारलंही नाही.

दहावीची परीक्षा संपली त्या मे महिन्यात वैशालीने मला निरोप पाठवला, की तुझ्या आत्या मुलांना टेकडीवर नेतात ना, मलाही करवंदं तोडायला यायचंय. मी हो म्हणाले आणि काळजीत पडले. पंच्यातली आत्या, बाबांचे बूट, छागली, पुरचुंड्या, हे सगळं मला तिच्या डोळ्यांनी दिसायला लागलं. आई त्या दिवसांत धाकट्या भावाला घेऊन माहेरी गेली होती. त्यातच टेकडीवर जायच्या आदल्या दिवशी सकाळी आत्याचा उजवा हात कैऱ्यांच्या उकळत्या पाण्याने भाजला. दवाखान्यात पट्टी बांधून आणली, दोन बोटं तेवढी मोकळी राहिली. जाणं पुढे ढकलू या असं बाबा म्हणाले. आत्या ऐकेना, मुलांना शब्द दिलाय म्हणाली. आणि मला म्हणाली, "या खेपेला तूच भर सगळं. मी पाहणारबी नाई."

ती खरोखरच पाहणार नव्हती. इतक्या वर्षांत तिने कुणावर टाकलं नव्हतं ते माझ्यावर टाकलं होतं. मला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी, हे सांगताना आजही लाज वाटते, मला सुटल्यासारखंही वाटलं.

त्या दिवशी संध्याकाळी आत्या गावातल्या देवळात भजनाला गेली तेव्हा मी बेकरीतून पाव आणले, नारळ फोडला आणि पाट्यावर चटणी वाटली. कोथिंबीर, मिरची, लिंबू, खोबरं. वैशालीच्या घरी होती तशीच हिरवीगार झाली. सकाळी वाटायला वेळ मिळणार नाही, शिवाय आत्याला पाट्याचा आवाज ऐकू जाईल, म्हणून संध्याकाळीच वाटली. वाटी झाकून माठाच्या तिवईखाली ओल्या फडक्यात ठेवली. तिथे गारवा असतो, सकाळपर्यंत काय होणार, असं मी स्वतःला सांगितलं. सांगावं लागलं, म्हणजे मला माहीत होतं. पहाटे उठून पावांना लोणी आणि चटणी लावली, कडा कापल्या, बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात ती चळत दाबून बसवली. पिशवीत तो डबा ठेवल्यावर पन्ह्याची बरणी काही केल्या बसेना. मिठाची पुडीही बरणीच्या फडक्यातच खोचलेली असायची. बरणी मी फळीवर परत ठेवली. पाणी तर आहे, असं म्हटलं. काकड्या घेतल्या, फुटाणे घेतले. लाह्यांचं पीठ डब्यातच राहिलं.

त्या दिवशी वारा नव्हता. चढताना झाडाचं पानही हललं नाही. पण मुलं खुशीत होती. वैशालीने कधी करवंदं तोडली नव्हती. चिकाने तिची बोटं चिकटायला लागली तशी ती हसत सुटली आणि मुलांनी तिला आपल्यात घेतलं. देवधरांची सोनल, आमच्या शेजारच्या घरातली, रांगेतली सगळ्यांत धाकटी, सहा वर्षांची, तिने तर वैशालीचा हात सोडलाच नाही. डबा पाठीवर घेऊन मी उन्हात तीन तास हिंडले. पत्रा इतका तापला होता की पिशवीतून पाठीला चटका बसत होता.

देवळाच्या ओसरीवर मी डबा उघडला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. आत्या देवीपुढे द्रोण ठेवून आली आणि डब्याजवळ बसली. तिने दोन मोकळ्या बोटांनी एक सँडविच उचललं, उघडलं आणि नाकाजवळ नेलं.

"ओलं खोबरं हाय?"

हो म्हणाले.

"कधी वाटलं?"

"आज सकाळी," मी म्हणाले.

आमच्या दोन खोल्यांच्या घरात पाटा वाजला तर झोपलेलं माणूस जागं होई, आणि आत्या तर हाताच्या दुखण्याने पहाटेपासून जागीच होती. मी खोटं बोलतेय हे तिला न कळणं शक्य नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं, मग वैशालीकडे बघितलं, मग परत माझ्याकडे. मी तिच्याकडे कशा नजरेने बघत होते ते मला ठाऊक नाही, पण नुसत्या डोळ्यांनी विनवत असणार. इथे, हिच्यासमोर, काही बोलू नकोस. आत्याने सँडविच मिटलं. मग डाव्या हाताने कुणाला वाढायचं नसतं म्हणून पट्टीतून बाहेर आलेल्या त्या दोन बोटांत धरून तिने एकेका मुलाला सँडविच वाढलं आणि शेवटचं अर्धं स्वतः खाल्लं. पोळलेल्या हाताला काय होत असेल ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

वैशालीला त्या दिवशी सकाळपासून मळमळत होतं, तिने फक्त काकडी खाल्ली. खाताना मला हळूच म्हणाली, "ते ताकातलं पीठ नाही का आणलंस? मी आईला सांगून आले होते की ते खाणार म्हणून." राहिलं, असं मी तिला सांगितलं. त्या वेळी तेवढंच दुःख झालं होतं. वाटलं, उगीच एवढी खटपट केली.

उतरताना अर्ध्या वाटेवर सोनल खाली बसली. दमली असेल असं वाटलं. मग तिला उलटी झाली. थोड्या वेळाने आणखी दोघांना झाली. ती दोघं रडत होती, पाणी मागत होती. सोनल रडत नव्हती. पाणी पाजलं की ते तसंच बाहेर येई. चार-पाच वेळा असं झाल्यावर तिने हाकेला ओ देणं बंद केलं. ओठ पांढरे पडले, डोळे अर्धे मिटले. आत्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"पन्हं दे."

"राहिलं आत्या."

"मीठ?"

"ते बरणीबरोबरच राहिलं."

तिने वर बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या नजरेत एवढंच होतं, की आता काय काय नाही आणि काय आहे ते तिला कळलं होतं. डोक्यावरचा पंचा काढून उरलेल्या पाण्यात भिजवून तिने तो सोनलच्या अंगाभोवती गुंडाळला, तिला खांद्यावर टाकलं, वैशालीला सांगितलं की बाकीच्यांना झाडाझाडाने सावकाश खाली आण, आणि मला म्हणाली, "पळ. रस्त्यावर जे मिळन ते थांबव." मी पळाले. भाजीचा एक टेम्पो थांबवला. आत्या मागून त्या मुलीला घेऊन धावत उतरली. पट्टी सुटून लोंबत होती आणि तिच्या हाताची सोललेली कातडी मला दिसली.

सोनलला शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात ठेवलं. बाकी मुलं संध्याकाळपर्यंत सावरली. आत्यालाही उलट्या झाल्या, तिने कुणाला सांगितलं नाही. सोनलच्या बाबतीत मात्र दोन दिवस डॉक्टर काहीच बोलत नव्हते. त्या दोन दिवसांत आमच्या रांगेतला नळ नेहमीसारखा वाहत होता, बायका पाणी भरत होत्या, पण आमच्या दारापाशी आल्या की त्यांचं बोलणं थांबे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनलचे आईवडील कपडे न्यायला घरी आले आणि अंगणात सगळे जमले. देवधरकाका आवाज चढवणारे गृहस्थ नव्हते. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. ते म्हणाले, "विमलताई, आपण मुलांना काय दिलं होतंत, एवढंच सांगा. डॉक्टर विचारतायत." आत्याने सांगितलं, पावात ओल्या खोबऱ्याची चटणी होती, शिळी असावी. बाबा पाळीवरून नुकतेच आले होते. त्यांना ते खरंच वाटेना. म्हणाले, "ताई, तू? ओलं खोबरं? तू तर कुणाला नेऊ देत नाहीस."

मी दारात उभी होते. माझं वाक्य तयार होतं. चटणी मी केली, आदल्या दिवशी केली आणि खोटं सांगितलं. तीन तुकडे, पाठ करून ठेवले होते. आत्याने एकदाही माझ्याकडे वळून बघितलं नाही. मला पुष्कळ वर्षं वाटत होतं की मला बोलायला जागा मिळावी म्हणून ती बाबांना उत्तर द्यायची थांबली होती.

मग ती म्हणाली, "वाढलं म्या."

देवधरकाकूंनी कपड्यांची पिशवी उचलली आणि जाता जाता नेहमीच्या शांत आवाजात म्हणाल्या, "घरी बसून मुलं कंटाळली असती. कंटाळ्याला सलाईन लावावं लागत नाही."

मी का बोलले नाही याची मी आयुष्यभर कारणं शोधली. निकाल लागायचा होता, बाबांचा चेहरा बघवत नव्हता, वैशालीला कळलं असतं, सोनलचं काही बरंवाईट झालं तर पोलीस येतील असं वाटलं. सगळी खरी आहेत. पण ती मी मागाहून गोळा केली. त्या क्षणी मला नुसती भीती वाटली, आणि दुसरं कुणीतरी ते अंगावर घेतंय म्हटल्यावर ती भीती गेली. ती गेल्याचं जे बरं वाटलं, ते मी विसरू शकत नाही.

तिसऱ्या दिवशी सोनलने डोळे उघडून आईला हाक मारली. पुढच्या आठवड्यात ती घरी आली, हाडं निघालेली, पण बरी. सगळी मुलं बरी झाली. तेव्हा सांगायला काय हरकत होती? तेव्हा तर भ्यायचं कारणच उरलं नव्हतं. पण मी म्हटलं, आता सगळं निवळलंय, कशाला पुन्हा उकरायचं.

निवळलं नव्हतं. पुढच्या शनिवारी, टेकडीच्या दिवशी, आत्या सवयीने पहाटे उठली आणि बूट घालून ओट्यावर बसली. उजाडलं, पत्र्यांवर ऊन आलं. मुलं खिडक्यांतून बघत होती. कुणाच्या घराचं दार उघडलं नाही. मग तिने बूट काढले, नीट जोडीने दाराआड ठेवले आणि नळावर पाणी भरायला गेली. जूनमध्ये बालवाडी उघडली तेव्हा तिथल्या बाईंनी फार सौजन्याने सांगितलं, की पालकांच्या मनात थोडी शंका आहे, तेव्हा या वर्षी आपण विश्रांती घ्या. श्रावण लागायच्या आधी ती अकोल्याला धाकट्या काकांकडे राहायला निघून गेली. एसटी स्टँडवर मी तिची पिशवी वर चढवून दिली आणि म्हणाले, आत्या, त्या दिवशी... तिने खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवला, तोच भाजलेला, आता नव्या गुलाबी कातडीचा, आणि म्हणाली, "अभ्यास करजो." गाडी सुटली.

मी अभ्यास केला. वैशालीची आणि माझी मैत्री कॉलेजात गेल्यावर आपोआप संपली. लग्न होऊन मी पुण्याजवळच्या मांजरी गावी आले, मुलं झाली, आई-बाबा गेले. या सगळ्या वर्षांत मी अकोल्याला पाच-सहा वेळा गेले, दर वेळी ठरवून गेले की या खेपेला बोलायचं. शेवटची भेट तर अगदी तशीच जुळून आली होती. घरात आम्ही दोघीच होतो. आत्या खूप म्हातारी झाली होती, पण डोकं तल्लख. तिने विचारलं, सोनल कशी आहे? मी सांगितलं, मजेत आहे, तिला दोन मुलं आहेत, थोरला यंदा दहावीला आहे. आत्याने मान हलवली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी तोंड उघडलं. तेवढ्यात काकांची सून चहा घेऊन आत आली, आणि मी कप घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत आले.

पुढच्या हिवाळ्यात ती गेली. तेराव्याला मी अकोल्याला होते. जेवणं उरकल्यावर काकांची सून रेखा आणि मी आत्याच्या लुगड्यांच्या घड्या करत बसलो होतो. रेखाने आत्याचं शेवटपर्यंत केलं, तिला बोलायचा हक्क होता. ती सांगत होती, की आत्याबाईंनी आमची दोन्ही पोरं वाढवली, न्हाऊ घातलं, वेण्या घातल्या, शाळेत पोचवलं. "पण ताई, एक गोष्ट मला त्यांची कधी कळली नाही. पोरांच्या ताटात त्या स्वतः कधी काही वाढायच्या नाहीत. मी नोकरीला जायची, तर सकाळीच ताटं वाढून झाकून ठेवावी लागायची. पोरगं भुकेने रडलं तरी हात लावायच्या नाहीत, शेजारच्या बाईला हाक मारून आणायच्या. सुरुवातीला मला वाटलं सोवळं असेल. मग राग यायचा. एकदा चिडून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, 'माह्या हातानं एक पोरगी जात होती.' तेवढंच. पुढे मी कधी विचारलं नाही."

माझ्या हातातलं लुगडं खाली पडलं. मी कायम असं धरून चालले होते, की तिने माझ्यासाठी खोटं अंगावर घेतलं आणि तिच्या मनात ते तिथेच संपलं. तो दोष तिला खरंच आपला वाटत होता, हे मला कधी सुचलंच नाही. माझा खोटेपणा कळूनही आपण वाढलं, माझं मन राखायला वाढलं, हे ती एवढी वर्षं बरोबर घेऊन जगली, आणि निम्मं ओझं तरी मी एका वाक्याने उचलू शकले असते.

मी रेखाला सगळं सांगितलं. पाव, चटणी, आदली संध्याकाळ, बरणी, अंगण. आयुष्यात पहिल्यांदा. माझं संपल्यावर तिने खाली पडलेलं लुगडं उचललं, झटकलं, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरलं.

"तुम्ही इतक्यांदा आला होतात की, ताई," ती म्हणाली.

आम्ही दोघींनी त्या लुगड्याची घडी घातली.